मित्राचं सुतक कुणी पाळायचं?

मराठी वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचा साचा ठरलेला असतो. नाव, वय, अंत्यसंस्काराची वेळ आणि मग 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे व मोठा मित्रपरिवार आहे'. मुलगे मोजलेले असतात, कधी नातवंडंही. मित्र मात्र शेवटी घाऊक भावात उरकले जातात. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर सोबत फेरी मारणारा, पोरीच्या लग्नात मंडपवाल्याचे पैसे गुपचूप चुकते करणारा, छातीत कळ आली तेव्हा रात्री दोन वाजता गाडी काढणारा, असे सगळे त्या 'मोठ्या परिवारा'त गडप होतात.

दुसऱ्या दिवशी असा मित्र कामावर हजर असतो. 'आज कशाला आलास?' असं त्याला कुणी विचारत नाही.

जिवलग मित्राचा मृत्यू किती खोल जातो, याचं मोजमाप आता झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात हजारो कुटुंबांची वर्षानुवर्षं पाहणी चालते. त्या पाहणीतली १४ वर्षांची माहिती घेऊन तीन संशोधकांनी २०१९मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २६,५१५ माणसांपैकी ९,५८६ जणांनी त्या काळात किमान एक जवळचा मित्र गमावला होता. त्यांचं शारीरिक आरोग्य, मनाचं स्वास्थ्य आणि लोकांत मिसळणं या सगळ्यांवर झालेला परिणाम चार वर्षांपर्यंत दिसत राहिला. स्त्रियांना हा फटका अधिक तीव्र बसला. ज्यांचा लोकसंपर्क मुळात कमी होता, त्यांना सावरायला जास्त वेळ लागला. कार्यालयं आणि डॉक्टर मित्राच्या मृत्यूला पुरेसं गंभीरपणे घेत नाहीत, असं या संशोधकांचं म्हणणं होतं.

चार वर्षं का लागावीत? ऑक्सफर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी माणसाच्या ओळखींची वर्तुळं मोजली आहेत. सर्वांत आतल्या वर्तुळात साधारण पाचच माणसं असतात, आणि आपण लोकांसाठी जो वेळ काढतो त्यातला सुमारे ४० टक्के या पाचांवर जातो. त्यात घरची माणसं येतात, एखाददुसरा मित्र येतो. त्यांतला एक गेला की रोजच्या दिवसाचा मोठा तुकडा एकदम रिकामा होतो. ती जागा भरायला नवा माणूस पटकन सापडत नाही, कारण या वर्तुळात शिरायला वर्षं लागतात.

दुसरं कारण मेंदूत आहे. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर एक प्रयोग झाला, तो २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी मोझर दांपत्याला मेंदूतल्या स्थानज्ञानाच्या शोधासाठी नोबेल मिळालं. उंदीर फिरत असलेल्या पेटीत एक वस्तू ठेवली आणि मग काढून घेतली. उंदीर त्या जागी पोचला की मेंदूतल्या काही पेशी चेतत होत्या. वस्तू तिथे असताना या पेशी गप्प होत्या. ती नाहीशी झाल्यावर, नेमकी जिथे ती असायची तिथे, त्या बोलू लागल्या आणि काही दिवस बोलत राहिल्या. शोकाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी-फ्रान्सिस ओकॉनर या प्रयोगाचा आवर्जून दाखला देतात. त्यांच्या मते शोक हा शिकण्याचाच एक प्रकार आहे. 'तो आहे' हे मेंदूने हजारो दिवसांच्या अनुभवातून शिकलेलं असतं. 'तो नाही' हे एका फोनवरून शिकता येत नाही. म्हणून क्रिकेटची मॅच संपली की हात फोनकडे जातो, आणि बाजारात पाठमोरा कुणी दिसला की क्षणभर तोच वाटतो. हे वेडाचं लक्षण नव्हे. मेंदूचा जुना नकाशा अजून बदलायचा आहे, इतकंच.

हे शिकणं रायगडच्या किनाऱ्यावर आणखी अवघड होतं, कारण समुद्र प्रत्येक वेळी माणूस परत देत नाही.

१७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. आषाढ अमावस्येच्या तोंडावर गटारीसाठी गावी निघालेले चाकरमाने सकाळी भाऊच्या धक्क्यावर 'रामदास' बोटीत चढले. बोट रेवसला जायची होती. पावसाळी वाऱ्यात आणि लाटांच्या माऱ्यात ती काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि थोड्याच वेळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती; मुंबईला बातमी कळेपर्यंत दुपार उलटून गेली होती. रेवसच्या बाजूने आलेल्या कोळ्यांच्या होड्यांनी जमेल तेवढ्यांना वर ओढलं. पुढचे काही दिवस किनाऱ्यावर प्रेतं लागत राहिली. पुष्कळ लागलीच नाहीत.

त्या काळचा कोकणातला चाकरमानी मुंबईत एकटा राहत नसे. गिरणगावातल्या एकेका खोलीत एका गावचे, एका पंचक्रोशीचे दहा-दहा, पंधरा-पंधरा पुरुष राहत. बायकामुलं गावी असत. जेवण एका खानावळीत आणि झोपायच्या जागा पाळीप्रमाणे वाटलेल्या. वर्षाचे अकरा महिने ज्याच्याशी बोलायचं, भांडायचं, उसने पैसे मागायचे, तो या खोलीतला सोबती असे. अशी दुर्घटना घडली की याद्या कुटुंबांच्या होतात आणि विचारपूस वारसांची होते. ज्याची वळकटी खोलीच्या कोपऱ्यात तशीच पडून राहिली, त्याच्या शेजारी झोपणाऱ्याची नोंद कोणत्याच यादीत येत नाही.

प्रेतच सापडलं नाही तर शोकाला धरायला काहीच उरत नाही. अमेरिकेतल्या पॉलिन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर १९७०च्या दशकात काम केलं. अशा नुकसानाला त्यांनी एक वेगळं नाव दिलं. मराठीत त्याला संदिग्ध वियोग म्हणता येईल. माणूस गेला असं म्हणवत नाही आणि आहे असंही म्हणवत नाही. बॉस यांचा सल्ला असा की इथे पूर्णविराम शोधायला जाऊ नये. 'बहुधा गेला, कदाचित नाही' अशी दोन्ही वाक्यं एकाच वेळी मनात ठेवून जगायला शिकावं. भारतीय कायद्याने यासाठी मुदत घातली आहे. सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. जुन्या पुरावा कायद्याच्या १०८व्या कलमात ही तरतूद होती आणि २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. या कलमाची भाषा लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. त्यात नुसत्या नातेवाइकांचा उल्लेख नाही. तो माणूस जिवंत असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती, अशा सगळ्यांचा आहे. म्हणजे मित्रही त्यात आले. कायद्याच्या पुस्तकात मित्राला अशी जागा क्वचितच मिळते.

एरवी हिशेब कुटुंबाचाच असतो. श्रीवर्धनच्या जीवना बंदरातून किंवा मुरूडजवळच्या एकदऱ्यातून मासेमारीची बोट निघते तेव्हा तांडेल आणि खलाशी कित्येक दिवस काही फुटांच्या जागेत एकत्र राहतात. त्यांतला एक समुद्रात गेला, तर केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेतल्या अपघात विम्याचे पाच लाख रुपये त्याच्या वारसाला मिळतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्याच्या डोळ्यांदेखत तो पाण्यात गेला, त्या खलाशाला पुढच्या फेरीला त्याच बोटीवर, त्याच जाळ्याशी उभं राहावं लागतं. त्याची चौकशी करणारी कुठलीच योजना नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयातले १४ विद्यार्थी बुडाले. सहलीत शंभराहून अधिक मुलं होती. १४ घरांवरचा आघात सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. पण विशीतल्या ज्या मुलामुलींनी आपला बाकावरचा सोबती पाण्यात जाताना पाहिला, त्यांच्या शोकात आणखी एक काटा असतो: मी कसा वाचलो? मी हाक का मारली नाही? अपघातातून वाचलेल्यांना हा अपराधभाव हमखास छळतो. तो बोलून दाखवायचीही चोरी होते, कारण ज्यांचं मूल गेलं त्यांच्यापुढे आपलं दुःख काय सांगायचं?

असं स्वतःचं दुःख स्वतःच कापून छोटं करणं, याचाही अभ्यास झाला आहे. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९मध्ये अशा शोकाकडे लक्ष वेधलं, ज्याचा हक्क समाज मान्यच करत नाही. घटस्फोटित जोडीदार, विवाहबाह्य साथीदार, गर्भातच गेलेलं मूल, आणि मित्र. डोका यांचं म्हणणं असं की दुःख करण्याचेही प्रत्येक समाजाचे नियम असतात: कुणी, कुणासाठी, किती दिवस. जो त्या नियमांत बसत नाही, त्याला शोक तर होतोच, वर तो लपवण्याचं ओझंही वाहावं लागतं.

हे नियम किती पक्के असतात ते पाहायला रायगडच्या किनाऱ्यासारखी जागा नाही, कारण इथे तीन धर्मांची दुःखं शेजारी शेजारी नांदली आहेत. हिंदू घरात सुतक गोत्रावर आणि रक्तावर ठरतं, दहा ते तेरा दिवस. वर्षानुवर्षं तोंड न पाहिलेल्या चुलत भावाचं सुतक पाळावं लागतं. बालमित्र मात्र स्मशानातून घरी आला, अंघोळ केली, की मोकळा. नवगाव, रेवदंडा, अलिबाग या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायली ज्यूंच्या, म्हणजे शनवार तेल्यांच्या, धर्मशास्त्रात सात दिवस शोकाला बसायचे ते सात नात्यांसाठी: आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि नवरा किंवा बायको. मित्र या यादीत नाही. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या कोकणी मुसलमानांत सर्वसाधारण शोक तीन दिवसांचा आणि विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची.

तरी या तिन्ही रिवाजांनी मित्राला एक काम दिलेलं आहे. बेने इस्रायली शोकघरातलं पहिलं जेवण बाहेरच्यांनी आणायचं असतं. मुसलमानांतही मय्यतीच्या घरी शेजारीपाजारी जेवण पोचवतात. हिंदूंत तिरडी बांधायला, लाकडं ठरवायला, गुरुजींना फोन करायला मित्रच धावतो. गंमत अशी की हे काम अंगावर घेतल्यामुळेच त्याला रडायला वेळ मिळत नाही. बायकांना तर तेही काम मिळत नाही. मासळी बाजारात वर्षानुवर्षं शेजारी पाटी लावून बसणाऱ्या दोन कोळणींचा संबंध कित्येकदा सख्ख्या बहिणींहून घट्ट असतो. एकीचं गिऱ्हाईक दुसरी सांभाळते, सुट्टे पैसे एकमेकींच्या बटव्यातून चालतात. एक गेली तर दुसरी स्मशानात जात नाही, बाराव्या-तेराव्याला पंगतीत बसते आणि परत बाजारात येते. शेजारची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतलेली असते.

मग या दुःखातून सुटायचं कसं? गेल्या शतकात या प्रश्नाचं उत्तर पार बदललं. १९१७च्या प्रसिद्ध निबंधात सिग्मंड फ्रॉईड यांनी मांडलं होतं की गेलेल्या माणसात गुंतलेली मनाची ओढ हळूहळू सोडवून घ्यावी आणि दुसरीकडे लावावी. १९२०मध्ये त्यांची स्वतःची मुलगी सोफी गेली. १९२९मध्ये, ती असती तर तिचा ३६वा वाढदिवस असता त्या दिवशी, त्यांनी मुलगा गमावलेल्या आपल्या मित्राला, लुडविग बिन्स्वांगर यांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा होता की गेलेल्याची जागा कशानेही भरली तरी काहीतरी वेगळंच राहतं, आणि ते तसंच असायला हवं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचे नकारापासून स्वीकारापर्यंतचे १९६९चे पाच टप्पे आज जो तो शोकाला लावतो, पण ते मुळात मरणासन्न रुग्णांशी बोलून मांडलेले होते. १९९६मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी उलट बाजू मांडली: निरोगी माणसंसुद्धा मृताशी असलेलं नातं तोडत नाहीत, फक्त त्याचं रूप बदलतात.

१९९९मध्ये नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी यात एक व्यवहारी भर घातली. शोक करणारा माणूस दोन कामांत ये-जा करत असतो. एका वेळी तो दुःखाला सामोरा जातो: फोटो बघतो, आठवणी काढतो, रडतो. दुसऱ्या वेळी बदललेल्या आयुष्याची जुळवाजुळव करतो: मित्र करायचा ती कामं शिकतो, नवा सोबती शोधतो, किंवा नुसताच सिनेमाला जातो. ही ये-जा चालू असणं म्हणजेच प्रकृती ठीक असणं. सतत रडणं जसं अडकवतं, तसं सतत कामात बुडून राहणंही.

'सोडून देणं' म्हणजे नातं तोडणं नव्हे, ही गोष्ट मराठी परंपरेला मानसशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होती. तिचं सगळ्यात मोठं उदाहरण नामदेव. ज्ञानेश्वर आणि नामदेव वयाने पाचेक वर्षांनी मागेपुढे. दोघे मिळून तीर्थयात्रेला गेले. विठ्ठलाला सोडून निघायला नामदेवांचा पाय निघत नव्हता, ज्ञानदेवांनी त्यांना गळ घातली, अशी कथा 'तीर्थावळी'च्या अभंगांत आहे. शके १२१८मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. ते अवघे एकवीस वर्षांचे होते. त्या प्रसंगावरचे नामदेवांच्या नावाचे अभंग म्हणजे एका मित्राने दुसऱ्याच्या जाण्याची केलेली नोंद आहे. त्यांत शोक झाकलेला नाही, आवरता घेतलेला नाही, आणि 'मी नात्याचा कोण?' असा संकोचही नाही. पुढच्या वर्षभराच्या आसपास सोपानदेव, मुक्ताबाई, निवृत्तिनाथ हेही गेले. एका मित्रमंडळातले बहुतेक जण नामदेवांनी असे ओळीने गमावले.

त्यानंतर ते पन्नासहून अधिक वर्षं जगले. उत्तरेत गेले, पंजाबातल्या घुमानला राहिले, तिथल्या भाषेत रचना केल्या. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच धाग्यावर. स्ट्रोबे आणि शूट यांच्या दोन कामांपैकी दुसरं, म्हणजे आयुष्य नव्याने मांडणं, नामदेवांनी इतक्या दूर जाऊन केलं. पहिलंही सुटलं नाही. आजही दर कार्तिकात नामदेवांची पालखी पंढरपुराहून आळंदीला येते आणि समाधी सोहळ्याचं कीर्तन त्यांच्या वंशजांकडे, नामदासांकडे असतं. सातशेहून अधिक वर्षं एका मित्राच्या घराण्याने दुसऱ्याची पुण्यतिथी सांभाळली आहे.

एवढं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, पण सामान्य माणसासाठीही एक जागा ठेवलेली आहे. भाद्रपदातल्या महालयाच्या तर्पणात कुणाकुणाला पाणी द्यायचं याची लांबलचक यादी असते. बाप-आजा-पणजा, आईकडची माणसं, काका, मामा, आत्या, सासरे अशी ती सरकत जाते आणि शेवटी गुरू, शिष्य आणि आप्त येतात. मित्राचं नाव तिथे घेता येतं. तर्पणातल्या एका श्लोकात तर बांधवांबरोबर अ-बांधवांनाही पाणी दिलं आहे. दक्षिण काशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हरिहरेश्वरी पितृकार्याला माणसं लांबून येतात. तिथे यजमानाने आणखी एका नावाचा आग्रह धरला, तर शास्त्र आड येत नाही. ज्याचा या विधींवर विश्वास नाही, त्यालाही यातली युक्ती उपयोगी पडते: वर्षातला एक ठरलेला दिवस, एक ठरलेली कृती, आणि नाव मोठ्याने घेणं. मित्राच्या नावाने शाळेत वह्या देणं, त्याच्या वाढदिवसाला जुना कंपू जमवणं, हेही तेच काम करतं.

बहुतेक माणसं औषधाशिवाय, समुपदेशनाशिवाय सावरतात. काहींचा शोक मात्र जागचा हलत नाही. संशोधनांच्या एका मोठ्या आढाव्यात हे प्रमाण साधारण दहात एक निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात सहा महिने, तर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२च्या नियमावलीत प्रौढांसाठी बारा महिने उलटूनही रोजची तीव्र ओढ, आपलाच एक भाग मेल्यासारखं वाटणं, कामात आणि माणसांत मन न लागणं असं चालू राहिलं, तर त्याला दीर्घकाळ रेंगाळलेला शोक म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. या दोन्ही व्याख्यांत नात्याची अट नाही. गेलेली व्यक्ती जवळची असली की पुरे. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, मराठीतही. फोन करणाऱ्याने 'माझा मित्र गेला' एवढंच सांगितलं तरी चालतं.

आणि घरच्यांच्याही हातात काही आहे. दहाव्याला पिंड ठेवला की कावळ्याची वाट पाहतात. तो शिवत नसला की एकेक जण पुढे होऊन हात जोडतो आणि गेलेल्याला शब्द देतो. मुलगा बोलतो, भाऊ बोलतो, तरी कावळा येत नाही. मग कुणीतरी मागे उभ्या असलेल्या मित्राला पुढे करतं. गेलेल्याचा जीव कुठे अडकला असेल याचा अंदाज कित्येकदा त्यालाच असतो: कुणाकडून घेतलेले आणि घरी न सांगितलेले पन्नास हजार, अर्धवट राहिलेलं घराचं जोतं, धाकटीच्या नर्सिंगच्या कोर्सची फी. त्याला शेवटी बोलावण्याऐवजी आधीच विचारलं, तर घराला कागदोपत्री न सापडणारी माहिती मिळते आणि त्याला चारचौघांत पुढे उभं राहायची जागा.